पहाटे चार वाजून त्रेचाळीस मिनिटांनी

८ जुलै २०२२ची पहाट. टोरोंटोच्या घड्याळात ४ वाजून ४३ मिनिटं झाली असताना रॉजर्स या कॅनडातल्या बड्या दूरसंचार कंपनीच्या अभियंत्यांनी काही राउटरांच्या, म्हणजे नेटवर्कमधल्या माहितीला वाट दाखवणाऱ्या यंत्रांच्या, सेटिंगमध्ये एक बदल केला. नेटवर्क अद्ययावत करण्याचं सात टप्प्यांचं काम काही आठवड्यांपासून चालू होतं, त्यातला हा सहावा टप्पा. आधीचे पाच बिनबोभाट पार पडले होते. दोनच मिनिटांत, ४ वाजून ४५ला, कंपनीचं मुख्य नेटवर्क कोसळायला लागलं. लोक जागे झाले तेव्हा एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांचे मोबाइल, घरचे फोन आणि इंटरनेट ठप्प होतं. सगळं पूर्ववत व्हायला काहींच्या बाबतीत २६ तास लागले.

देशभर डेबिट कार्डाचे व्यवहार चालवणारी इंटरॅक ही यंत्रणा रॉजर्सच्या जाळ्यावर अवलंबून होती. त्यामुळे ज्यांचा रॉजर्सशी काडीचाही संबंध नाही अशांचीही कार्डं दुकानात चालेनात. टोरोंटोच्या रॉजर्स सेंटर स्टेडियममध्ये त्या रात्री द वीकेंड या गायकाचा कार्यक्रम होता, तो पुढे ढकलावा लागला. टोरोंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या पट्ट्यात मराठी कुटुंबंही पुष्कळ आहेत. त्यांचाही तो दिवस असाच गेला असणार. आणि सगळ्यांत गंभीर गोष्ट म्हणजे ९११ या आपत्कालीन क्रमांकावर अनेकांचे फोन लागत नव्हते.

नेमकं बिघडलं काय होतं? एक फिल्टर काढला गेला होता. चोरी नाही, सायबर हल्ला नाही, भूकंप नाही. एक चाळणी निघाली आणि एका देशाचा मोठा हिस्सा मुका झाला. मी या घटनेबद्दल जितकं वाचत गेलो तितका थक्क होत गेलो, कारण कुठल्याही कंपनीचं नेटवर्क बदलताना जे जे प्रश्न पडायला हवेत ते सगळे इथे एका दिवसात उघडे पडले आहेत.

ती चाळणी काय करत होती हे समजायला आपला पिनकोड घ्या. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी, जे संस्कृतचे कवीही होते, आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२पासून सुरू झाली. ४११नं सुरू होणारा पिन पाहिला की कोलकात्यात टपालाची छाटणी करणाऱ्याला पुण्यातल्या पेठा ठाऊक असण्याची गरज उरत नाही. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडकडची थैली. छाटणी करणाऱ्याचं काम तिथे संपलं. पेठेचा विचार पुण्याचं टपाल खातं करील. इंटरनेटही असंच चालतं. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही ४चे, एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. एवढे पत्ते एकेक करून कुणीच लक्षात ठेवत नाही. त्यांचे गट पाडलेले असतात आणि अमुक गटाकडे जायचं तर या दिशेनं जा, अशी एक ओळ म्हणजे एक रूट. २०२२मध्ये जगभरातल्या अशा ओळींची संख्या नऊ लाखांच्या पुढे गेली होती.

आता या यादीत शोधायला किती वेळ मिळतो ते पाहा. इंटरनेटवर माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, विभागून जाते. सेकंदाला १०० गिगाबिट वेगाची एक केबल छोट्यात छोट्या पाकिटांनी भरून वाहू लागली तर सेकंदाला जवळपास १५ कोटी पाकिटं येतात. म्हणजे एका पाकिटाच्या वाट्याला सात नॅनोसेकंदांहूनही कमी वेळ. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम दोन मीटर जातो. पाकिटावरचा पत्ता वाचायचा, लाखो ओळींमधून त्याला सगळ्यात नेमकी जुळणारी ओळ शोधायची, योग्य दारातून त्याला बाहेर काढायचं, आणि हे सगळं प्रकाश एक खोलीही ओलांडत नाही तोवर. यादी वरून खाली वाचत बसायला सवडच नाही. म्हणून अनेक मोठ्या राउटरांमध्ये एक खास मेमरी असते. ती सगळ्या ओळी एकाच क्षणी तपासते. आपल्या मेजावरच्या संगणकाची मुख्य मेमरी असं करत नाही. ही मेमरी महाग, वीजखाऊ, आणि म्हणून मोजकीच.

मोजकी म्हणजे तिला मर्यादा आली, आणि ती मर्यादा जगानं एकदा अनुभवलीही आहे. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जगभरच्या रूटांची संख्या ५,१२,०००च्या आसपासचा टप्पा ओलांडून गेली आणि त्या काळी पुष्कळ ठिकाणी वापरात असलेल्या काही जुन्या राउटरांची जागा भरली. वेगवेगळ्या देशांत एकाच दिवशी इंटरनेट अडखळलं. कुठलंही यंत्र मोडलं नव्हतं, फक्त यादी लांबली होती.

तर रॉजर्सकडच्या त्या चाळणीचं काम हे होतं: बाहेरच्या जगाची ती लांबलचक यादी जशीच्या तशी गाभ्यातल्या, म्हणजे मुख्य नेटवर्कच्या, राउटरांवर जाऊ द्यायची नाही, हवं तेवढंच पुढे सोडायचं. गाभ्याला जोडलेल्या, वितरणाच्या राउटरांवरून ही चाळणी निघाली आणि रूटांचा लोंढा गाभ्यात शिरला. गाभ्यातल्या राउटरांना तो पेलवला नाही. काही मिनिटांत ते एकेक करून बंद पडले. क्षमतेपेक्षा जास्त रूट आले तर ते नाकारायचे, अशी मर्यादा गाभ्यात घालून ठेवलेली नव्हती. शिवाय जाळ्यात एकाहून अधिक कंपन्यांचे राउटर होते आणि त्यांच्या सवयी वेगळ्या होत्या. एका कंपनीचं यंत्र गाभ्याकडे किती रूट जाऊ द्यायचे यावर आपणहून आवर घालतं, दुसरीचं घालत नाही. दोन्ही यंत्रं आपापल्या नियमांप्रमाणे अचूक चालली. चूक त्यांना एकत्र ठेवताना हा फरक जमेस न धरण्यात होती.

मोबाइल आणि घरचं इंटरनेट, दोन्हींचा गाभा एकच होता हेही पुढे खूप चर्चिलं गेलं. नंतर कॅनडाच्या दूरसंचार नियामकानं झोना पार्टनर्स या सल्लागारांकडून चौकशी करवली. त्यांनी ही रचना मुळात चुकीची ठरवली नाही; बऱ्याच कंपन्या खर्च आणि कामगिरी यांचा मेळ घालून तीच निवडतात. मला हा निष्कर्ष प्रामाणिक वाटतो. एकच गाभा ठेवणं हा निर्णय असू शकतो, फक्त तो घेतल्यावर त्या गाभ्याला हात लावताना प्रत्येक वेळी दुप्पट जपावं लागतं.

आणि नेमकं तिथेच त्या अहवालातली मला सगळ्यात हादरवणारी गोष्ट येते. कामाला सुरुवात झाली तेव्हा रॉजर्सनं या सात टप्प्यांच्या कामाची जोखीम ‘उच्च’ ठरवली होती. पण जोखीम मोजायच्या त्यांच्या पद्धतीत आधीच्या यशाला गुण होते. एकेक टप्पा नीट पार पडत गेला तशी जोखीम कागदावर खाली येत गेली आणि ती चाळणी काढायची वेळ आली तेव्हा ती ‘कमी’ झाली होती. जोखीम कमी, म्हणून प्रयोगशाळेतली चाचणी नाही, वरच्या पातळीवरची छाननी नाही. पाच टप्पे सुखरूप गेले याचा अर्थ सहावा निर्धोक आहे असा होत नाही, कारण सहाव्यात हात घालायची जागाच वेगळी होती. आधी किती वेळा वाचलो यावरून जोखीम ठरवायची नसते. आता जे करतोय ते फसलं तर काय काय कोसळेल, यावरून ती ठरते. आपल्याकडच्या कंपन्यांमध्येही चेंज रिक्वेस्टचे, म्हणजे बदलाची परवानगी मागण्याचे, फॉर्म असतात, त्यात ‘यापूर्वी असा बदल यशस्वी झाला आहे का?’ असा रकाना असतो, आणि त्यात ‘होय’ लिहिलं की सही पटकन मिळते. तो रकाना ठेवावा, पण त्याला गुण देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मूळ कारण सापडायला रॉजर्सला साधारण १४ तास लागले. का लागले? राउटर दुरुस्त करायला अभियंता राउटरपाशी जात नाही, तो दूर बसून नेटवर्कवरून त्यात शिरतो. रॉजर्सचा हा देखभालीचा रस्ताही त्याच गाभ्यातून जात होता. गाभा पडला तसा रस्ताही गेला. बिघाडाच्या नोंदी त्या राउटरांमध्येच होत्या, त्यांच्यापर्यंत पोचायची सोय नव्हती. माणसं गाड्या काढून ठिकठिकाणच्या केंद्रांवर गेली. त्यांचे स्वतःचे मोबाइलही रॉजर्सचेच, म्हणजे बंद. २०१५मध्ये कॅनडाच्या कंपन्यांनी अशाच प्रसंगासाठी एकमेकांना आपापली सिमकार्डं देऊन ठेवली होती. ती मोजक्या लोकांच्या हातात होती आणि त्या मोजक्यांमुळेच सुरुवातीला काही बोलणं शक्य झालं. आदल्याच वर्षी, ४ ऑक्टोबर २०२१ला, फेसबुकचं जाळं असंच देखभालीच्या एका आज्ञेनं पडलं होतं आणि तिथेही दुरुस्तीची अंतर्गत साधनं त्याच जाळ्यावर होती. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक, तरी बाहेर यायला सुमारे सहा तास गेले.

यावरचा उपाय तसा जुनाच आहे. मुख्य राउटरच्या कन्सोल पोर्टला, म्हणजे यंत्र थेट हाताळायच्या जोडणीला, दुसऱ्याच कंपनीच्या सिमचा छोटा मोडेम किंवा वेगळी लाइन जोडून ठेवायची. पन्नास माणसांच्या कंपनीलाही हे परवडतं.

९११ची कथा यापेक्षा खोल आहे. मोबाइलची रचना मोठ्या मायेनं केलेली आहे: आपल्या कंपनीचा टॉवर दिसत नसेल तर आपत्कालीन फोन तो दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून लावतो. कॅनडात तर सिमकार्ड नसलं तरी लावतो. पण त्या दिवशी रॉजर्सचे टॉवर चालूच होते. सिग्नल येत होता. गाभा पडलाय हे फोनला कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे बरेच फोन आपल्याच टॉवरला चिकटून राहिले आणि मदतीची हाक तिथेच अडकली. टॉवर पूर्ण बंद पडले असते तर उलट बरं झालं असतं! आणि दुरून ते बंद करावेत म्हटलं, तर त्या यंत्रणेपर्यंत पोचायचा रस्ताही गेलेलाच. बेल आणि टेलस या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मदत देऊ केली. पण ग्राहकांच्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये होत्या तोच हाताशी नव्हता, मग ग्राहक दुसऱ्याच्या जाळ्यावर सोडणार कसे? अर्धवट जिवंत असलेली यंत्रणा पूर्ण मेलेल्या यंत्रणेपेक्षा घातक ठरू शकते. बदलाचं नियोजन करताना ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढ्या दोनच अवस्था धरणाऱ्या प्रत्येकानं हा प्रसंग वाचायला हवा.

इथून नीतीचा प्रश्न सुरू होतो. ९११ला फोन करणारी व्यक्ती रॉजर्सच्या बैठकीत नव्हती. डेबिट कार्ड घेणारा किराणा दुकानदारही नव्हता. नेटवर्क कुणाकुणाला लागतं, हे ठरवताना आपण पगारपत्रकावरची माणसं मोजतो, फार तर ग्राहक मोजतो. त्या जाळ्यावर न विचारता विसंबलेल्यांना कुणी मोजत नाही. इस्पितळ असेल तर रुग्ण, सहकारी बँक असेल तर पेन्शन काढायला आलेले आजी-आजोबा, कारखाना असेल तर रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, ज्याचा आगीचा अलार्म नेटवर्कच्या त्याच स्विचवर लावलेला आहे. गरजा तपासायच्या त्या या सगळ्यांच्या. इंटरॅकनं पुढे आणखी एक पुरवठादार जोडायचं ठरवलं, म्हणजे त्यांनाही आपली गरज त्या दिवशी नव्यानं कळली.

गरज तपासणं याचा दुसरा, अगदी जमिनीवरचा अर्थही आहे. कंपनीत तक्रार येते, ‘नेट स्लो आहे’, आणि तिथून थेट नव्या यंत्रांच्या कोटेशनपर्यंत गाडी जाते. मध्ये मोजमाप राहून जातं. एक साधं उदाहरण. नेटवर्कच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिट वेगाला चारही लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. प्लगमध्ये एखादी तार नीट बसली नाही, क्रिंप कच्चा राहिला, तर दोन्ही टोकांची यंत्रं आपसात ठरवून अनेकदा गुपचूप १०० मेगाबिटवर उतरतात. दिवा लुकलुकत राहतो, कुठेही चूक दिसत नाही, फक्त वेग दशांश होतो. स्विचमध्ये त्या पोर्टचा वेग पाहिला की एका ओळीत निदान होतं आणि काही रुपयांचा प्लग बदलला की काम भागतं. आधी मोजणं हे पैशाच्या दृष्टीनं जितकं शहाणपणाचं तितकंच ते नैतिकही आहे, कारण न लागणारं यंत्र शेवटी कचराच होतं.

जुन्या यंत्रांचं काय होतं, हाही प्रश्न त्यातलाच. ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी वापरलेले राउटर बाजारातून विकत घेऊन तपासले आणि २०२३मध्ये निष्कर्ष जाहीर केले. निम्म्याहून अधिक राउटरांमध्ये आधीच्या मालकाच्या नेटवर्कची संवेदनशील माहिती तशीच होती. भंगारात काढण्याआधी सेटिंग पुसायला दहा मिनिटं लागतात. भारतात १ एप्रिल २०२३पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, त्यामुळे यंत्र नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जायला हवं. पण त्यातली माहिती पुसायची जबाबदारी मालकाचीच.

आणि नव्या यंत्रांना काय काय दिसू लागतं ते पाहा. आपण बँकेच्या संकेतस्थळावर जातो तेव्हा मधल्या कुणालाही वाचता येणार नाही अशा कूटभाषेत संवाद चालतो. त्या गणिताचं मला आजही अप्रूप वाटतं: एकमेकांना कधीही न भेटलेली दोन यंत्रं सगळ्यांच्या देखत बोलून दोघांनाच ठाऊक असलेली किल्ली तयार करतात. पण ऑफिसचा संगणक कंपनीचा असतो. कंपनी त्यात आपलं डिजिटल प्रमाणपत्र टाकू शकते. मग मधली नवी फायरवॉल, म्हणजे माहितीची ये-जा तपासणारं यंत्र, बँकेच्या नावानं आपल्याशी आणि आपल्या नावानं बँकेशी बोलते, मधल्या मधे सगळं उलगडून वाचते, पुन्हा बंद करून पुढे पाठवते. व्हायरस पकडायला याचा खरोखर उपयोग होतो. त्याच सोयीतून एखाद्या कर्मचाऱ्यानं दुपारी डॉक्टरांना काय लिहिलं हेही दिसतं. म्हणून ही सोय चालू करण्याआधी कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगायला हवं, बँका आणि इस्पितळांची संकेतस्थळं त्यातून वगळायला हवीत, आणि नोंदी कोण पाहणार व किती दिवस ठेवणार हे लेखी हवं. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेनं २०२२मध्ये यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपण्याचे आणि सायबर घटना ६ तासांत कळवण्याचे आदेश दिले आहेत. नोंदी जपणं बंधनकारक आहे, पण त्या चाळत बसणं नाही.

रॉजर्सनं पुढे काय केलं? आदल्या दिवशीच्या बिघाडाला आपलंच देखभालीचं काम कारणीभूत होतं हे ९ जुलैला जाहीर केलं, ग्राहकांना पाच दिवसांचे पैसे माफ केले, मोबाइल आणि घरचं इंटरनेट यांचे गाभे वेगळे करायचं ठरवलं. त्याचा खर्च किमान २५ कोटी कॅनेडियन डॉलर असल्याचं कंपनीनंच सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या दूरसंचार कंपन्यांनी संकटकाळी एकमेकांच्या ग्राहकांना ९११साठी आपलं जाळं खुलं करण्याचा करार केला. नियामकानं चौकशी अहवालाचा सारांश २०२४च्या जुलैमध्ये सर्वांसाठी खुला केला, आणि म्हणूनच आज आपल्याला हे सगळं एवढ्या बारकाव्यानं माहीत आहे. हे खुलं करणं मला त्या २५ कोटींइतकंच मोलाचं वाटतं. एका कंपनीचा धडा दुसऱ्या कंपनीला फुकट मिळाला.

तुमच्या ऑफिसातही कधीतरी मेल येईल: शनिवारी रात्री नेटवर्कचं काम आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. ती वाचून बाजूला सारू नका. आयटी विभागातल्या माणसाला फोन करा आणि आपुलकीनं दोनच गोष्टी विचारा. काम फसलं तर मागे कसं यायचं हे लिहून ठेवलंय का, आणि जाळं पूर्ण पडलं तर त्याच जाळ्यावर नसलेला एखादा फोन नंबर तुमच्याकडे आहे का. नसेल, तर शनिवारचं काम पुढच्या शनिवारी करू द्या.